शालीखाली

मित्रांनो, मी एक जुना चेलो आहे आणि मी रागावलेलो आहे. मला व्हायोलिनचा थोरला भाऊ समजा. माझा जन्म कुठला, ते मला ठाऊक नाही. नागपूरच्या एका सुताराने माझी उललेली पाठ सांधली आणि अमरावतीच्या शाहनवाजभाईंनी मला घरी आणलं. दिवसभर त्यांचं शिवणकामाचं दुकान, संध्याकाळी मी. त्यांचा हात माझ्यावर फार प्रेमाने फिरायचा, हे रागातही सांगायला हवं.

रागिणीताईंनी गावातले हौशी वादक गोळा करून आमचा वाद्यवृंद उभा केला. ज्या पोरांच्या वाट्याला असं संगीत कधी येत नाही, त्यांना ते समोर बसवून ऐकवायचं, ही त्यांची हौस. म्हणून कार्यक्रमाआधी शाहनवाजभाई आणि मी अकोटजवळच्या एका शाळेत गेलो. शाहनवाजभाईंनी गज ओढला तशी प्रणाली नावाची मजुराची पोर उठली आणि तिने सरळ माझ्या पाठीला कान लावला.

"काका, याच्या पोटात कोनी बोलून राहिलं," ती म्हणाली.

"हा तं एकटाच हाये, बेटा. सारे संगं वाजतात ना, तवा ऐक. तुले पयल्या रांगेत बसवतो."

तो शब्द माझ्यासमोर दिला गेला, मित्रांनो. त्या दिवसापासून मी त्या रांगेची वाट पाहत होतो.

कार्यक्रमाच्या दिवशी पोरं एसटीने अमरावतीला आली. तेल लावून चापून बसवलेले केस, धुतलेले गणवेश. प्रणाली खरोखर पहिल्या रांगेत बसली. दिवस मावळायच्या आत गाडी परत निघणार होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण पाहुणे उशिरा आले. मग दीपप्रज्वलन झालं, प्रास्ताविक झालं आणि अध्यक्ष भगवंतरावांनी सत्कार सुरू केले. देणगीदारांचे, त्यांच्या सौभाग्यवतींचे, मांडववाल्याचाही! शाल, नारळ, फोटो. तबकं धरायला कोण? पोरं गोड दिसतात म्हणून पोरांनाच वर बोलावलं.

प्रणाली तबक घेऊन माझ्या अगदी जवळ उभी होती. तिचे हात भरून आले होते.

"काका, हे सुरू कवा होईन?" तिने हळूच विचारलं.

"आता, बेटा. बस, आताच."

तेवढ्यात शाहनवाजभाईंचंच नाव पुकारलं गेलं. 'आधी पोरांसाठी वाजवू द्या' एवढं एक वाक्य त्यांनी म्हणायला हवं होतं. त्यांनी गज खाली ठेवला आणि मान वाकवली. प्रणालीच्याच तबकातली शाल त्यांच्या खांद्यावर पडली. टाळ्या थांबेपर्यंत ड्रायव्हरचा निरोप आला होता आणि गुरुजी पोरांना रांगेने बाहेर नेत होते. दारातून ती वळून माझ्याकडे बघत होती.

आम्ही वाजलो, मित्रांनो. छान वाजलो म्हणे. पोरांच्या रिकाम्या खुर्च्यांवर पाहुण्यांना पुढे आणून बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात प्रणालीचा तबकासह फोटो आला आणि खेड्यातल्या मुलांनी वाद्यवृंदाचा आनंद लुटल्याची बातमी! मला तर किळस आली.

शाहनवाजभाईंनी ती शाल माझ्यावर पांघरली. तेव्हापासून त्यांनी मला हात लावलेला नाही. माझ्या तारा उतरल्यात, शालीवर धूळ बसलीय. त्यांना लाज वाटते, हे मला कळतं. पण त्या लाजेचा प्रणालीला काय उपयोग?

परवा रागिणीताई घरी आल्या होत्या. यंदाच्या कार्यक्रमाला त्यांनी पुन्हा त्याच शाळेला बोलावलं होतं. प्रणालीने गुरुजींकडून पाठवलेला निरोप त्यांनी खाली मान घालून सांगितला: "मी येईन. पन तबक किती वेळ धरा लागते, ते आधीच सांगा."

मित्रांनो, कोणाला ऐकायला बोलावलंत, तर आधी ऐकवा. आणि तुमच्यापैकी कोणी या घरी आलंच, तर माझ्या अंगावरची ही शाल काढा. मला अकोटला जायचं आहे.