माझ्या तळव्यापेक्षा लहान

मूल गावात वडिलांच्या शिलाईच्या दुकानात बसून मी आठ महिने मोबाइलवर स्पॅनिश शिकलो. तुलनेचा पाठ मला सर्वांत जवळचा वाटला. ‘मास’ म्हणजे अधिक, ‘के’ म्हणजे पेक्षा. मधले विशेषण आपल्या मोठा-मोठीसारखे लिंगानुसार बदलते. एकांतात मी साऱ्यांशी स्वतःची तुलना करीत असे. बहुतेक वाक्यांत उणा मीच असे.

जंगल सफारीचा नवा गाइड म्हणून मागच्या फेरीत मी गप्पच राहिलो होतो. आज स्पेनचे वृद्ध जोडपे आले होते. आजही बोललो नसतो, तर परदेशी पाहुण्यांची गाडी मला पुन्हा मिळाली नसती.

दोन तास वाघ दिसला नाही. चालक मुखरूभाऊंनी गाडी थांबवली.

“जिशान, घरी तं आरशासंग बोलतं म्हणे. इथी काऊन तोंड शिवून बसला? बापाची सुई आणली का सोबत?”

चाकाशेजारच्या धुळीत वाघिणीचा पंजा उमटला होता आणि त्याला लागून बछड्याचा. मी हात उघडून म्हणालो, “मास पेकेन्यो के मी मानो.” माझ्या हातापेक्षा लहान. लगेच आठवले, त्यांच्या भाषेत ठसा स्त्रीलिंगी असतो. “पेकेन्या,” मी सुधारले.

आजींनी आपला तळवा माझ्या तळव्याशेजारी धरला. “आणि माझ्या हातापेक्षा?” त्यांनी स्पॅनिशमध्ये विचारले.

परतीच्या वाटेवर मी सागाची बांबूशी, सांबराची चितळाशी तुलना करीत राहिलो. त्या वाक्यांत मी कुठेच नव्हतो.

“आता याले चूप कोन करन,” मुखरूभाऊ म्हणाले.