एक रिंग म्हणजे सुखरूप

"पिवळ्याची रेंज गेटापाशी फुल हाय, पर वरच्या खोल्यांत मरती," वैजिनाथ म्हणाला. "जांभळ्याची वर बी हाय. जांभळ्याचंच सिम दे."

सत्यमने हातातला उघडा फोन बाजूला ठेवला. चौसाळ्याच्या स्टँडसमोर त्याचं मोबाइलचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांचे नाना नमुने त्याने पाहिले होते, पण हा त्यालाही नवा होता. "आप्पा, तुमी पोरींच्या होस्टेलात वर गेलतात?"

"मी कशाला जातो बे. वॉचमन आत पाऊल ठेवू देईना. झाडूवाल्या मावशीला दोन्ही फोन देऊन वर धाडलं. तिनं एकेका खिडकीतून दाखवलं, हाय का न्हाई ते."

वैजिनाथ कंपन्यांना त्यांच्या पाट्यांच्या रंगांवरून ओळखत असे. पिवळ्या कंपनीचा फोन त्याचा स्वतःचाच होता, जांभळ्याचा त्याने शेजारच्या किराणावाल्याकडून मागून घेतला होता, आणि एक दिवस आपली पिठाची गिरणी बंद ठेवून तो लातूरला जाऊन आला होता. लोक पोरीसाठी स्थळ बघायला जातात तेव्हाही इतकी चौकशी करत नाहीत. मग गावात आल्यावर गिरणीत, पत्र्याखाली, पोत्यांमागे, घरी देव्हाऱ्यापाशी, सगळीकडे उभं राहून त्याने इकडची रेंज तपासली. दोन्हीकडे जांभळी पास झाली. स्वतःचं पिवळं सिमही बदलून घ्यायचं त्याने ठरवून टाकलं.

ज्या पोरीसाठी हे सगळं चाललं होतं ती, ईश्वरी, काउंटरच्या टोकाला उभी होती. दहावीला चांगले मार्क पडले होते आणि अकरावीसाठी ती लातूरला निघाली होती. पुढे डॉक्टर व्हायचं होतं. काचेखालचा एक मोठ्या पडद्याचा फोन सत्यमने तिच्या हातात दिला होता. तिने तो उलटासुलटा करून पाहिला, पडद्यावर बोट फिरवलं, आणि बापाने काही म्हणायच्या आतच परत ठेवला.

"होस्टेलात बटनाचाच चालतो," ती म्हणाली.

वैजिनाथला ते बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. लेकरू हट्ट करत नाही याचं कौतुक सगळे करतात, पण हट्ट करायला आईच नाही हे कुणी बोलत नाही. शेवटी बटणाचा, निळ्या रंगाचा, हातात नीट मावणारा फोन घेतला. सत्यमने दोघांची जांभळी सिमं चालू करून दिली.

"आता अनलिमिटेड हाय आप्पा. दिवसभर बोला, कोन अडवत न्हाई."

वैजिनाथने मान हलवली. उभा जन्म गिरणीच्या आवाजात गेलेल्या माणसाला न ऐकलेल्या गोष्टीवरही मान हलवायची सवय असते.

घरी आल्यावर त्याने नवा फोन महादेवापुढे ठेवला, त्यावर बेलाचं पान ठेवलं, फोनला भस्माचं बोट लावलं. मग पोरीला समोर बसवून समजावलं.

"रोज सांच्याला जेवायच्या टायमाला एक रिंग द्यायची अन् कट करायचं. एक रिंग म्हंजे सुखरूप. मी उचलणार न्हाई. उचलला न्हाई म्हून घाबरायचं न्हाई."

"अन् बोलायचं असलं तर, पप्पा?"

"बोलायला काय. दिवाळीला येतीसच की."

ईश्वरीने फोनवरचं भस्म ओढणीने पुसलं नाही, तसाच पिशवीत ठेवला.

आता हे रिंगांचं काय खूळ, असं कुणालाही वाटेल. पण वैजिनाथ आणि शिवकांता यांनी सगळा संसार रिंगांवर केला होता. लग्न झालं तेव्हा फोनवर बोलायला मिनिटाचे पैसे पडत. तो गिरणीत, ती घरी. तिची एक रिंग आली की भाकरी तयार. त्याची एक रिंग गेली की तो निघाला. तिच्या दोन रिंगा म्हणजे पाहुणे आलेत, येताना दूध आणा. बोलणं स्वस्त झालं, मग आणखी स्वस्त झालं, तरी या दोघांची रीत मोडली नाही. गिरणीत काही ऐकूही येत नसे. छातीवरच्या खिशात फोन थरथरला की तो हसत असे. दळायला आलेल्या बाया एकमेकींना खुणा करत की आप्पांना भाकरीचं बोलावणं आलं.

तिचा फोन त्याने फक्त एकदा उचलला. शिवकांता बीडच्या दवाखान्यात होती आणि तो दळणाच्या झिजलेल्या दगडाला टाकी लावायला म्हणून एका दुपारपुरता गिरणीत आला होता. तिच्या नंबरवरून फोन आला आणि थांबेचना. कट का करीना, असं म्हणत त्याने उचलला, तर पलीकडे तिचा भाऊ होता. तेव्हापासून वैजिनाथ कुणाचाच फोन उचलत नसे. फोन उचलावा लागला म्हणजे काहीतरी वाईट झालं, एवढंच त्याच्या मनाने धरून ठेवलं होतं. पोरीचा फोन देवापुढे ठेवून त्याने मागणंही तेच मागितलं होतं की याच्यावरून आलेला फोन उचलायची वेळ येऊ देऊ नकोस.

ईश्वरी गेली आणि घर मोठं झालं. दोन खोल्यांचंच घर, पण त्याला एका खोलीतून दुसरीत जायला काही कारण उरलं नाही. सकाळी तो लवकरच गिरणीत जाऊन बसे, दळण नसलं तरी. संध्याकाळी मात्र वेळ झाली की पट्टा थांबवी, हात धुऊन फोन तळहातावर घेऊन बसे. फोन थरथरे. ईश्वरी, असं नाव उमटे. सुखरूप.

पहिले काही दिवस एकच रिंग आली. मग एका संध्याकाळी फोन वाजतच राहिला, पार शेवटपर्यंत. वैजिनाथ दचकला. पण थोड्या वेळाने पुन्हा एकच रिंग आली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशीही तसंच. लांबलचक रिंग, मग एक छोटी. तिसऱ्या दिवशीही. त्याने आपल्यापरीने अर्थ लावला की पोरगी खुशीत आहे, मनसोक्त वाजवते आहे. तेवढा वेळ तो फोन दोन्ही हातांत धरून बसे. त्याच्या दिवसातली तीच एक वेळ होती जेव्हा त्याला कुणीतरी सोबत असल्यासारखं वाटे.

ज्वारीचा डबा घेऊन आलेल्या भामाबाईंनी एकदा हे पाहिलं. त्यांची चैताली लातूरला नर्सिंग शिकत होती. ती तिथे होती म्हणूनच वैजिनाथने ते होस्टेल धरलं होतं आणि दोघी एकाच खोलीत होत्या.

"उचला की वो आप्पा. पोरीचाच हाय ना?"

"तसं न्हाई. आमचं ठरलंय. वाजला म्हंजे सुखरूप."

"म्या तर रोज अर्धा घंटा बोलते चैतालीसंगं. भाजी काय केली, कोन भांडलं, समदं. तवा कुठं घास उतरतोय." त्या डबा पुढे सरकवत म्हणाल्या, "काखेत कळसा अन् गावाला वळसा. पोरगी खिशात बसलीय अन् तुमी नुसते बघू लालात."

वैजिनाथ हसला आणि ज्वारी गिरणीत ओतली. ज्याची त्याची रीत, असं त्याने मनाशी म्हटलं.

गणपती आले आणि गेले. लांब रिंगा हळूहळू कमी झाल्या. आधी अर्ध्यावर तुटू लागल्या, मग त्याने शिकवल्याप्रमाणे नेमकी एक रिंग येऊ लागली. कधी कधी तर तो फोन डोळ्यांसमोर धरेपर्यंत ती विझून जाई. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं, तक्रार कशाची करणार? तरी संध्याकाळी हात धुऊन बसल्यावर त्याला काहीतरी कमी पडल्यासारखं वाटे. एकदा तर तो सत्यमच्या दुकानात जाऊन विचारून आला की जांभळ्याची रेंज गेली की काय.

"फुल हाय आप्पा," सत्यम म्हणाला. "तुमचा फोन बी ठीक हाय."

दसऱ्याला चैताली गावी आली. ईश्वरीची परीक्षा होती, ती आली नाही. सण झाल्यावर चैताली आईचं दळण न्यायला गिरणीत आली. वैजिनाथने पट्टा थांबवून तिला स्टूल दिलं. दळणाला आलेल्या कुणासाठी त्याने कधी पट्टा थांबवला नव्हता.

"आमची ईश्वरी कशी हाय?"

"आता मस्त हाय काका. रमली."

"आता म्हंजे?"

चैतालीने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "पहिल्यांदा लई रडायची. जेवायचीच न्हाई. तुमाला फोन लावायची सांच्याला. आमी म्हनायचो, उचलतेत का? तर म्हनायची, न्हाई उचलत, पर वाजतोय ना तिकडं, गिरणीत वाजतोय. तो बंद पडस्तोर कानाला लावून बसायची. मंग डोळे पुसून एक रिंग द्यायची, तुमी काळजी करताल म्हून."

वैजिनाथने पिठाचा हात पंचाला पुसला. पंचाही पिठाचाच होता.

"तू म्हनली न्हाईस कधी माझ्याशी. तुझ्या आईनं बी न्हाई," तो म्हणाला.

"तिनंच शपथ घातलती काका. आता काय न्हाई पर. मैत्रिणी झाल्यात तिला. आता हसती, भांडती, आमच्यावर डाफरती बी." चैतालीला वाटलं आपण चांगली बातमी सांगितली, आणि ती चांगलीच होती. तिने डबा कमरेवर घेतला आणि ती गेली.

त्या दिवशी वैजिनाथने पुढचं दळण घेतलं नाही. बंद गिरणीत पोत्यावर बसून राहिला. ती लांब रिंग वाजत असे तेव्हा तोही इथेच, याच पोत्यावर बसलेला असे. दोघंही एकच फोन धरून बसलेले. मध्ये एक बटण होतं आणि ते त्याने दाबलं नव्हतं. पोरीला आपण रडताना एकटं ठेवलं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तो झोपा तरी आता करावा, असं ठरवून संध्याकाळी तिच्या रिंगेच्या आधीच त्याने फोन हातात घेतला.

नंबर लावला. पलीकडे पहिली रिंग गेली तशी त्याचा अंगठा सवयीने लाल बटणाकडे गेला. तो त्याने मागे घेतला. दुसरी गेली, तिसरी गेली. इतका वेळ तो कधीच थांबला नव्हता.

"पप्पा?" ईश्वरीचा आवाज घाबरलेला होता. "काय झालं? कोन आजारी हाय?"

"कोन न्हाई. काय न्हाई झालं."

"मंग फोन कावून केला?"

दुपारपासून त्याने खूप काही मनाशी जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य जागेवर सापडेना. "रेंज बघत होतो," तो म्हणाला.

"रेंज फुल हाय की. तुमीच बघून गेलतात ना." ती हसली. आवाज मोठ्या पोरीसारखा झाला होता, किंवा फोनवरचा तिचा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता म्हणून तसा वाटला.

"जेवलीस का?"

"चाललेच. मेस बंद होती पप्पा लवकर. तुमी?"

"झालं," तो म्हणाला. चूल पेटायची होती.

"मंग ठेवू?"

"ठेव. अभ्यास कर."

फोन कॉटवर टाकल्याचा आवाज आला, पण कट झाला नाही. घाईत तिने बटण दाबलंच नसावं. पलीकडे ताटं वाजली. कुणीतरी पोरगी म्हणाली, "कुनाचा गं?"

"पप्पांचा."

"काय म्हनले?"

"काय न्हाई. चुकून लागला आसंल. ते फोनवर बोलत न्हाईत."

मग दोघी कशावरून तरी हसल्या, दार लोटलं गेलं, चपलांचे आवाज लांब गेले. मागे पंख्याचा आवाज उरला. वैजिनाथने फोन कानाला घट्ट लावला. तिच्या खोलीतला पंखा थोडा खडखडत होता, हे त्याला आज कळलं.

दारात कुणीतरी बाई डबा घेऊन उभी राहिली. "आप्पा, चालू हाय का गिरणी? भाकरीपुरतं दळून द्या."

वैजिनाथने फोनवर हात धरला, आणि हळू आवाजात म्हणाला, "जरा बसा माय. ईश्वरीचा फोन चालू हाय."

बाईने डबा उंबऱ्याशी ठेवला आणि ती बाहेर पायरीवर बसून राहिली.