पाचवं वर्तुळ

◯ पहिलं

बाळ रडत नव्हतं.

घरात याचं केवढं कौतुक! आजी येईल-जाईल त्याला सांगायची, "अशी गुणाची पोर जन्मात पाहिली नाही. पिते, झोपते, कुणाला त्रास म्हणून नाही. हिचा बाप होता का असा? आख्खी गल्ली डोक्यावर घ्यायचा!" नाव अजून ठरलं नव्हतं, म्हणून आजीनं आपलं तात्पुरतं ठेवून दिलं होतं. शहाणी.

बाप छापखान्यात मशीन चालवायचा. कामावर निघताना तो शहाणीच्या गालाला बोट लावायचा. गाल गार लागायचा. आपलंच बोट गरम असेल, असं म्हणून तो जिना उतरायचा.

त्या दिवशी मशीन चालू असतानाच दवाखान्यातल्या बाईंचा फोन आला.

"बाळाच्या टाचेतून थायरॉईडच्या तपासणीसाठी रक्त घेतलं होतं ना? प्रयोगशाळेनं तो नमुना बाद केलाय. उद्यावर टाकू नका, आजच घेऊन या."

"बाद म्हणजे?"

"थेंबावर थेंब चढलेत. असं रक्त मोजता येत नाही. कुणी केलंय, देव जाणे."

मोजायचं ते कशासाठी, हेही बाईंनी सांगितलं. बापानं मशीन बंद केलं. ते कुणी केलं होतं, हे देवाशिवाय आणखी एकाला ठाऊक होतं, आणि त्याच्या बोटांना आत्ता लाल शाई लागलेली होती.

◯ दुसरं (हे खरं तर पहिल्याच्या आधीचं)

दवाखान्यातून घरी सोडायच्या दिवशी सिस्टरनं टाच टोचली होती. टीपकागदासारखं जाड कार्ड, त्यावर छापलेली पाच वर्तुळं. एका वर्तुळात एकच थेंब, आणि तो कागदाच्या पाठीमागून दिसेल एवढा मोठा.

रक्त येईना. आले ते थेंब एवढेएवढेसे. पाचही वर्तुळं अर्धीमुर्धीच रंगली.

"पाय गार पडलाय. शेकायला कपडा आणते, मग पुन्हा टोचू," म्हणत सिस्टर गेली.

पुन्हा टोचू.

बायको पलीकडे डोळे मिटून पडली होती. बापानं कार्डाकडे पाहिलं. छापखान्यात ठसा फिका उतरला तर माणूस काय करतो? कागद परत लावतो आणि आणखी एक हात मारतो. टाच अजून ओली होती. त्यानं ती चिमटीत दाबली आणि एकेका वर्तुळाला टेकवली. पाचही गोल, लालभडक, काठोकाठ.

"अरे वा, उतरलं की!" सिस्टर परत आल्यावर म्हणाली. दाराबाहेर रांग खोळंबली होती. तिनं कार्ड वाळत ठेवलं.

बाळ तेव्हाही रडलं नव्हतं. हे त्याला आठवलं ते आज, फोननंतर, घराचा जिना चढताना.

◯ तिसरं

"पुन्हा टोचणार?" आजी दारातच आडवी आली. "एवढ्याशा जिवात रक्त ते किती! काही झालेलं नाही तिला. बघ कशी झोपलीये."

"आई, ती सकाळपासून झोपलीये," बायको म्हणाली. ती बाळाचा कान, तळवा, हनुवटी हलवून बघत होती. "दूध तोंडात धरते आणि तशीच झोपते. मी तुम्हाला म्हटलं होतं."

"पहिलटकरणीला काहीही वाटतं गं."

"आणि ही तपासणी तरी कसली?" बायको नवऱ्याकडे वळली. "मला कुणी धड सांगितलेलं नाही."

"गळ्यात एक ग्रंथी असते," बाप चपला शोधत म्हणाला. त्या त्याच्या पायातच होत्या. "तिच्यातून एक रस सुटतो. तो कमी पडला तर वाढ खुंटते."

"कशाची?"

"अंगाची. आणि मेंदूची. वेळेत गोळी सुरू केली तर काही होत नाही, असं फोनवरच्या बाई म्हणाल्या."

"वेळेत म्हणजे कधी?"

तो पिशवी भरू लागला.

"अहो, वेळेत म्हणजे कधीपर्यंत? आणि नमुना बाद झाला कशानं?"

"काय माहीत. त्यांचंच काहीतरी चुकलं असेल."

◯ चौथं

तीच सिस्टर. तेच टेबल. या वेळी आधी टाच शेकली.

टोचली.

बाळानं पाय आखडला, तोही उशिरा. तोंड उघडलं. गंजलेलं दार करकरावं तसा एक घोगरा आवाज आला आणि तोंड मिटलं.

एक थेंब. भरला.

दुसरा. भरला.

तिसरा.

चौथा आला, पण अर्धाच. पाचवं वर्तुळ कोरं.

"सिस्टर, जरा इकडे!" बाहेरून हाक आली.

"आलेच. कापूस दाबून धरा, बाबा."

आणि पुन्हा तेच. समोर कार्ड. चौथा ठसा फिका. टाच ओली, चिमटीत मावेल एवढी. बापाचा हात उचलला गेला. त्याचा त्यालाच दिसला, नखांच्या कडांना लाल. त्यानं कापूस बायकोच्या हातात कोंबला आणि स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.

"काय झालं?" बायको.

"मागच्या वेळी मीच केलं."

"काय केलंत?"

"थेंबावर थेंब. म्हटलं, पुन्हा टोचायला नको."

बायकोनं कापूस टाचेवर दाबून धरला. सिस्टर आत आली तेव्हा त्यानं तेच तिलाही सांगितलं.

"हा काय छापखाना आहे, दोनदा छापायला?" सिस्टर भडकली.

"मी छापखान्यातच असतो," तो म्हणाला.

सिस्टर पुढचं बोलायला गेली आणि थांबली. तिची नजर बाळावर होती. "ही रडली नाही. आत्ता टोचलं तरी नाही. घरी रडते ना?"

"छे हो, ती मुळी रडतच नाही!" सोबत आलेली आजी नेहमीच्या कौतुकानं म्हणाली. "अशी गुणाची..."

आजीनं पदर तोंडाला लावला.

सिस्टरनं बाळाचं तोंड उघडून जीभ पाहिली, दंडाची गार कातडी चाचपली, वर आलेल्या बेंबीवर बोट ठेवलं. मग दारातूनच ओरडली, "डॉक्टर!"

डॉक्टरांनी बाळ उजेडाकडे नेलं. "कार्डाच्या निकालाची वाट बघायची नाही. हातातून रक्त काढा. नळी आत्ताच्या आत्ता पाठवा."

◯ पाचवं (अर्धं)

संध्याकाळी डॉक्टरांनी अहवालातल्या दोन आकड्यांखाली रेघ ओढली.

"हा मेंदूचा हुकूम. रस सोड, म्हणून ग्रंथीला सांगणारा. किती वर गेलाय बघा. आणि हा प्रत्यक्षातला रस. जवळजवळ नाहीच. मेंदू ओरडून ओरडून सांगतोय, पण ग्रंथीकडून काही येत नाही."

बाळ आजीच्या मांडीवर गाढ झोपलं होतं. आतल्या आत ओरडत होतं म्हणे.

"गोळी आजपासून. रोज, न चुकता. कुस्करून आईच्या दुधात."

"माझ्यामुळे जे दिवस गेले," बाप म्हणाला, "त्यांचं काय?"

"त्याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. फार उशीर झालेला नाही, एवढंच सांगतो. वाढेल तसं कळेल. रक्त मात्र परत परत तपासावं लागेल."

त्यानंतर बायको त्याच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलायची. "गोळी." "चमचा." "सांडू नका." तो दोन चमच्यांमध्ये गोळी चिरडायचा, पिठासारखी, कण उरणार नाही अशी. आजी 'शहाणी' म्हणायची बंद झाली. नुसतं 'बाळ' म्हणायची.

आणि एका दुपारी तो असाच चमचे घासत असताना आतून आवाज आला. आधी त्याला वाटलं, शेजाऱ्यांकडचं पोर आहे. मग आवाज चढला. फाटला. सगळं घर भरून दाराबाहेर गेला.

"ओ ओ ओ, उगी उगी..." आजी सवयीनं धावली आणि मध्येच थबकली. "नको, उगी नको. रड गं. रड तू."

शेजाऱ्यानं भिंतीवर धपाधप मारलं. कुणी लक्ष दिलं नाही.

बायको बाळ घेऊन दारात आली. लालबुंद तोंड, आवळलेल्या मुठी. कितीतरी दिवसांनी तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"घ्या. तुमच्यावर गेलीये."

त्यानं हात पुढे केले. तिनं बाळ लगेच दिलं नाही.

"धुतलेत का आधी?"