बैलगाडीची धाव माझ्या अंगात

मी चासी बोलतेय. मोटारीचे दिवे, भोंगा, रंग सगळ्यांना दिसतात. त्या सगळ्यांचा भार पेलत खाली धूळ खाणारी लोखंडी चौकट कोण पाहतो? ती मी.

जन्म माझा विलायतेतला. साताऱ्याच्या एका गोऱ्या साहेबाला घेऊन मी पाचगणीचा घाट चढायची. लढाई संपली, साहेब मायदेशी गेला आणि पलूसच्या लालासाहेबानं मला विकत घेतलं. लष्कराच्या वर्कशॉपात वेल्डिंग शिकून तो नुकताच गावी परतला होता. मागच्या गाद्या काढून त्यानं फळ्या ठोकल्या. गावचा गूळ सांगलीच्या पेठेत न्यायचा, पोटासाठी पुन्हा गाव सोडायचा नाही, हा त्याचा पण.

पहिल्याच फेरीला ओढ्याच्या चढावर मला चीर पडली.

"लाला, घाल ही म्हातारी भंगारात अन् धर मुंबईची वाट," त्याचे चुलते आकारामआबा पारावरून ओरडले. "बैलाचं काम बैलानंच करावं, गड्या!"

"आबा, शिमग्याच्या आत हिला त्याच चढावरनं नेतो. न्हाई जमलं तर धरतो मुंबई."

पण चिरेला आधार म्हणून जोडायला जाड पट्टी मिळेना. तेव्हा त्याची आई राहीबाई परड्यात गेली आणि वारलेल्या नवऱ्याच्या बैलगाडीची धाव, चाकावरचं ते लोखंडी कडं, ओढत घेऊन आली.

"चाक कवाच मोडलंय. ही तरी फिरू दे."

लालानं धाव कापली, ठोकून सरळ केली. वेल्डिंगचा जाळ पेटवण्याआधी राहीबाईनं माझी पूजा केली. चिरेवर तेलाचं बोट फिरवून वर कुंकवाचा मळवट भरला. आईनं लावलेलं कुंकू पुसायला लालाचा हात धजेना. त्यानं तसाच जोड मारला. भार पेलतो का पाहायला चार गडी वर चढले आणि जोड कडकन सुटला.

पारावर हशा पिकला.

"तेलानं जोड धरला न्हाई," लाला खाली मान घालून पुटपुटला.

राहीबाईला सगळं उमगलं. तिनं मूठभर राख घेतली. "माझं पुसलं तवा मला कुणी इचारलं न्हाई. हे मी माझ्या हातानं पुसते. तू जाळ धर!"

लोखंड लखलखेपर्यंत तिनं मला घासलं. लालानं पुन्हा जोड मारला. तो थंड झाल्यावरच तिनं त्यावर कुंकू लावलं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी गुळाच्या ढेपा घेऊन मी ओढा चढले. ढेपांवर कोण बसलं होतं? आकारामआबा!

"जपून रं, लाला! म्हातारीला न्हाई, मला!"

अजूनही सांगलीचे भंगारवाले मला लाथ मारून पाहतात. मारा. अर्धी मी विलायतेची, अर्धी पलूसची. वाकायचं असतं तर कधीच वाकले असते. बघत काय बसलात? ढेपा भरा. आणखी भरा!