शून्याच्या खाली

“उनं का चॅनल?” धाब्यावरून, घराच्या सपाट मातीच्या छतावरून, धीरजची हाक आली.

टीव्हीसमोर भागूला मांडीवर घेऊन बसलेल्या मोहिनीनं नुसती मान हलवली. ती मान बघून सुगंधाबाई दारापर्यंत गेल्या आणि सुनेच्या वतीनं ओरडल्या, “नई!”

“आते?”

“आते तं नाचगानं उनं! जराखी तिकडे फिराव!”

या घरात सुनेनं बोलायला कुणाची ना नव्हती. फक्त तिचा आवाज ओट्यापर्यंत जायला नको. ओट्यावर आप्पा, म्हणजे रूपचंद, तिचे सासरे, उन्हाला पाठ देऊन बसलेले असत. म्हणून मोठ्यानं काही सांगायचं झालं की मोहिनी सासूचा गळा उसना घ्यायची.

“वांदरेच बठना व्हतीन छत्रीवर,” सुगंधाबाई परत येऊन म्हणाल्या. “केळीमाईन येतस नी आठे उड्या मारतस.”

वर धीरजनं टीव्हीची छत्री आणखी वळवली. पडद्यावर मुंग्या आल्या आणि ओट्यावरून गर्जना झाली, “धीऱ्या! मन्ह्या बातम्या बी उडी गयात! उतर खाले, नई तं उलटा पडशी!”

धीरज उतरला. मोहिनीनं भागूच्या कपाळावरून हात फिरवला, पण वर पाहिलं नाही. छत्रीला काही झालेलं नाही, हे या घरात तिला एकटीला ठाऊक होतं. परवाच पडद्याच्या खालून एक निळी पट्टी सरकत गेली होती. ‘अनुदान बंद झाल्यामुळे या वाहिनीवरील मराठी पाठांचे प्रसारण थांबवण्यात येत आहे.’ ती पट्टी सुगंधाबाईंच्याही डोळ्यांसमोरून गेली, पण त्यांची अक्षरांशी ओळख देवळातल्या पाटीपुरती. मोहिनीनं वाचली आणि गिळून टाकली. दोष छत्रीचा आहे तोवर पाठ नुसता लांबलाय, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. आता नवरा जीव धोक्यात घालून धाब्यावर नाचून आला, तेव्हा तिला राहवेना.

स्वयंपाकघरात जाऊन ती हळूच म्हणाली, “आत्या, छत्रीले काही व्हयेल नई. सरकारनी बंद कयं ते.”

“कसाले? त्या पाठ शिकाडनारी बाईनी काय कयं?”

“बाईनी काही नई कयं. त्यास्ना पैसा बंद कया.”

सुगंधाबाईंचा भाकरीवरचा हात थांबला. “आनि त्या नाचनारास्ना कसा नई बंद कया?”

 याचं उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकातही नव्हतं.

लग्नाआधी ती धानोऱ्याहून नंदुरबारला कॉलेजात जायची. बारावीची परीक्षा तोंडावर असताना स्थळ आलं. घर तापीकाठचं, जमीन काळी, केळीचे मळे, मुलगा निर्व्यसनी. हळद लागली आणि परीक्षा राहिली ती राहिलीच. सासरी आल्यावर तिनं विषय काढला, तेव्हा आप्पांनी मोठ्या मनानं शब्द दिला होता. घरी बसून शिक, कितीही शिक, उंबरा ओलांडायचा नाही. लोक म्हणाले, नशीब काढलं पोरीनं. तिलाही तसंच वाटलं. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला गेला, पुस्तकं आली, आणि दुपारच्या वेळी टीव्हीतून ममता मॅडम आल्या.

ममता मॅडम शिकवत अर्थशास्त्र. सुती साडी, चष्मा, आणि आवाज असा, की नुसता ऐकला तरी कुणीतरी पाठीवर हात ठेवलाय असं वाटावं. इतिहासाला मात्र एक पुरुष मास्तर येत. ते आले की सुगंधाबाई चुलीपासून म्हणत, “पदर ले वं, तो देखी ऱ्हायना.” आणि मोहिनी टीव्हीतल्या मास्तरांपुढे पदर ओढून सनावळ्या पाठ करी. पहिल्यांदा हसू आलं होतं. मग सवय झाली.

भागू जन्मला आणि या शाळेत आणखी एक विद्यार्थी वाढला. दुपारचं दूध आणि ममता मॅडम यांची एकच वेळ. त्या ‘नमस्कार, विद्यार्थी मित्रांनो’ म्हणाल्या की हा पिऊ लागे, आणि त्या फळ्याकडे वळेपर्यंत झोपी जाई.

शेवटचा पाठ घटत्या उपयोगितेचा होता. मॅडम म्हणाल्या, तहानलेल्याला पहिला पेला अमृतासारखा लागतो, दुसरा बरा वाटतो, तिसरा उगीच. मोहिनीनं मांडीवर पाहिलं. पहिल्या घोटांना भागूच्या मुठी आवळलेल्या, मग हळूहळू सुटलेल्या, आणि आता ओठ नुसते लागलेले. पुस्तकातला नियम असा अंगावर दूध पिताना तिनं पहिल्यांदा बघितला. मॅडमनी फळ्यावर रेघ काढली. रेघ उतरत उतरत शून्याला टेकली. “आता शून्याच्या खाली काय होतं, ते आपण पुढच्या भागात पाहू,” असं म्हणून त्या हसल्या.

पुढचा भाग आला नाही.

पुस्तकात ते वाक्य होतं. ‘पूर्ण तृप्तीनंतर सीमान्त उपयोगिता ऋण होते.’ मोहिनीनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. पाठ झालं. पण मॅडम सांगत तेव्हा जसा समोर उजेड पडे, तसा काही पडेना.

परीक्षा फेब्रुवारीत. अंगणवाडीच्या जसोदाबाई उन्हाळ्यात निवृत्त होणार, आणि त्या जागेला बारावी लागते. अंगणवाडी इथून हाकेच्या अंतरावर, ओट्यावरून दिसते. “दिसस ना आठून? मंग कर खुशाल,” आप्पा स्वतः म्हणाले होते. म्हणजे दार होतं, कडीही बाहेरून लावलेली नव्हती. फक्त तिथवर पोचायची वाट टीव्हीतून जात होती, आणि ती बंद झाली होती.

“समदं आते मोबाईलवर शे म्हनतस,” धीरज म्हणाला. “मी रातले देसू ना फोन.”

मन त्याचं खरंच चांगलं होतं. पण फोन दिवसभर केळीच्या व्यापाऱ्यांसाठी त्याच्या खिशात. आणि घरात नेटवर्क म्हणाल तर ते फक्त धाब्यावर. आणि धाब्यावर उभ्या राहिलेल्या सुनेला सारी गल्ली बघते.

शेवटी संध्याकाळच्या चहाला तिनं धीर केला. आप्पा मधल्या घरात पाटावर बसले होते. मोहिनी दाराच्या चौकटीआड, पदर कपाळाखाली, कडेवर भागू. सासऱ्याशी सून थेट बोलत नाही, मधे कुणीतरी लागतं. या घरात ते काम सध्या भागूकडे होतं.

“भागू, आजलास्ले सांग,” ती म्हणाली, “तुन्ही मायना पाठ बंद पडी गया. शहादाले किलास शे. आत्यासंगे जासू नी आत्यासंगे येसू.”

आप्पांनी बशीतला चहा संपवला. मग तेही नातवाशीच बोलले, आणि मायेनं बोलले. “भागूशेठ, तुन्ही मायले सांग, आम्हना शब्द शे. घर बठीसन कितलं बी शिक, आम्ही ना म्हनाऊत नई. पन आम्हनी सून यष्टीमा बठीसन किलासले जाई, ते जमाव नई. लोके काय म्हनतीन? गाईड जोयजे तं गाईड आनी देसू.”

दोन्हीकडचे निरोप ऐकून भागूशेठनी पायाचा अंगठा तोंडात घातला.

चुलीकडून सुगंधाबाई बोलल्या. नवऱ्याशी त्याही थेट बोलत नसत. “भागू, तुन्हा आजलाले हाई बी सांग, दुपारले ती बाई बोलत नई तं तू निजत नई. आनि तू निजत नई तं मन्ह्या भाकरी करपतस.”

आप्पा खळखळून हसले. उठता उठता म्हणाले, “निजी जाई. सवय व्हई जास मानूसले.”

धीरजनं मोबाईलमधून मान वर केली, आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि मान पुन्हा खाली घातली.

आप्पा शब्दाचे पक्के. बाजारच्या दिवशी गाईड आलं, कोरं, चकचकीत. सुगंधाबाईंनी टीव्हीवर विणलेला रुमाल टाकला आणि गाईड त्याच्यावर ठेवलं. दुपारचा बंद टीव्ही आता फडताळासारखा दिसू लागला.

त्या दुपारी भागूनं पुन्हा रड मांडली. पिई, सोडी, इकडेतिकडे बघे, काहीतरी शोधे. झोपेल तर दोन पानं वाचून होतील, म्हणून मोहिनी त्याला परत परत छातीशी लावत होती. त्यानं तोंड फिरवलं, तरी तिनं लावलं. आणि त्यानं भळकन सगळं दूध तिच्या पदरावर ओकलं.

मोहिनी त्या पांढऱ्या ओघळाकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. पोट भरल्यावरही माया म्हणून दिलेलं. शून्याच्या खाली काय असतं, ते असं मांडीत येऊन पडलं होतं.

तिनं त्याचं तोंड पुसलं, त्याला खांद्यावर घेतलं आणि अगदी हळू, शाळेतल्या मराठीत सुरुवात केली.

“नमस्कार, विद्यार्थी मित्रांनो. मागच्या भागात आपण शून्यापर्यंत आलो होतो. आज त्याच्या खाली जाऊ या.”

भागू हुंदका देत थांबला. त्याच्या मुठी सुटल्या.

“समजा, एखाद्याचं पोट भरलं आहे. तरी आपण त्याला देतच राहिलो, तर काय होईल? त्याला सुख होणार नाही. त्रास होईल. यालाच म्हणतात…”

“उनी का वं ती बाई?” चुलीजवळून सुगंधाबाईंनी विचारलं.

मोहिनीनं समोर पाहिलं. रुमाल तसाच होता. त्याच्यावरचं गाईडही.

“हा, आत्या,” ती म्हणाली. “उनी.”

भाकरी थापायचा आवाज थांबला. जराशानं पुन्हा सुरू झाला.

“मंग आवाज वाढाव जराखा. माले आठे आयकू येत नई.”

बाहेर ओट्यावर आप्पा खाकरले. मोहिनीनं सवयीनं ओला पदर पुढं ओढला. आणि आवाज वाढवला.