अप्पांच्या काट्यावर लाल गाडी

आधीच सांगते, माझ्या गाडीला कुणी खेळणं म्हटलं की माझं डोकं फिरतं. आणि आमचे अप्पा येता-जाता तेच म्हणतात. गाडी दोन सीटची, लाल, जुनी, पोट जमिनीला टेकायला आलेलं. पैसे माझ्या पगाराचे, पण कागद अप्पांच्या नावावर. "उद्या लग्न होऊन जाशील, गाडी काय आंदण द्यायची व्हय?" असं म्हणून त्यांनीच सही ठोकली होती.

एका सकाळी भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, "सिद्धे, मंद्रूपचा कल्लप्पा तुझं खेळणं मागतोय. रविवारच्या शर्यतीत पहिली आलीस तर ठेव. न्हाय तर सोमवारी त्याला देऊन टाकणार. शब्द दिलाय मी."

"मला न विचारता?"

"आत्ता विचारतोय की!"

कल्लप्पाकाका म्हणजे मोठे बागायतदार. त्यांचा सगळा कांदा अप्पांच्या अडतीवर येतो. वय पन्नाशीच्या पुढं, पण शर्यतीचं वेड माझ्यापेक्षा जास्त. रविवारी ते स्वतःची गाडी घेऊन उतरणारच होते. म्हणजे मला हरवायचं आणि वर माझीच गाडी न्यायची. काय पण माणूस!

आमची शर्यत साधी असते. होटगी रस्त्यावर एका गोदामाचं डांबरी आवार आहे, तिथं प्लॅस्टिकचे शंकू मांडतात. एकेकानं त्यांच्यामधनं गाडी काढायची, ज्याला कमी वेळ लागेल तो पहिला. शंकू पाडला की वेळ वाढवून धरतात. तिथं इंजिनाचा जोर दाखवायला जागाच नसते, सगळा खेळ वळणांचा. आणि वळणं जमायची तर चारी चाकांवरचा भार नीट वाटलेला पाहिजे.

"वजन करू या," धम्मप्रिया म्हणाली. ही माझी मैत्रीण. आठवडाभर बँकेत शिक्के मारते आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या गाडीखाली झोपते. "चारी चाकांखाली एकेक काटा ठेवायचा, आणि कुठं भार कमी दिसतोय ते बघून तिथली स्प्रिंगखालची चकती फिरवून तो वाढवायचा. पण एवढे काटे आणायचे कुठनं?"

कांद्याच्या अडत्याच्या पोरीला हे विचारायचं? शनिवारी अप्पा अक्कलकोटला लग्नाला गेले आणि आम्ही गाडी थेट अडतीत घातली. कांदा मोजायचे चार काटे फरशीवर मांडले, गाडी वर चढवली. चालवणाऱ्याच्या वजनासकट मोजायचं असतं म्हणून मी आत बसले. धम्मप्रियानं पाना हातात घेतला.

"पुढचं उजवं चाक लई हलकं दाखवतंय," ती खालनं ओरडली. "तू काय खातबित नाहीस का गं?"

मग तिनं त्या कोपऱ्यातली चकती फिरव-फिरव फिरवली. शेवटी पुढची दोन्ही चाकं सारखी, मागची दोन्ही सारखी. टायरमधली हवा थोडी उतरवली, कडेनं खडूच्या रेघा मारल्या. वळणात टायर किती मुडपतोय ते खडू कुठवर पुसला जातो त्यावरनं कळतं. दुपारी बाजार रिकामा झाल्यावर मी गाडी बाहेर काढली.

आणि झाली की फजिती! डावीकडं वळवायला गेले तर गाडी हट्टानं सरळ. उजवीकडं वळवली तर मागची बाजू गर्रकन फिरून पुढं.

"हवा चुकली," मी म्हणाले.

"खडू बघ, सगळीकडं सारखा पुसलाय. तुझा हात चुकला."

"माझा हात? मग तूच चालव!"

"मला येत असतं तर तुझ्यासारखीच्या गाडीखाली कशाला झोपले असते?"

भांडण पार माझ्या स्वयंपाकापर्यंत गेलं. शेवटी धम्मप्रिया फणकाऱ्यानं आत गेली आणि कांद्याची एकच गोणी चारी काट्यांवर एकामागनं एक ठेवून बघितली. पन्नास. पन्नास. पन्नास. सत्तेचाळीस.

चौथा काटा अप्पांच्या गादीशेजारचा, मोठा, रोज ज्याची पूजा होते तो. त्यानं कमी दाखवलं म्हणून आम्ही पुढच्या उजव्या चाकावर उगीच भार वाढवत बसलो होतो.

"बिघडला असेल गं," धम्मप्रिया माझी समजूत घालायला म्हणाली.

बिघडलेला काटा कधी तरी जास्त पण दाखवतो की! मला आधी हसू फुटलं, आणि मग असा संताप आला की कानशिलं तापली. घरी मला उठता-बसता सचोटीचे धडे, आणि अडतीत हे धंदे! पण अप्पांना काही बोलले नाही. उरलेल्या काट्यांवर पाळीपाळीनं मोजून आम्ही गाडी नव्यानं बसवली.

रविवारी गाडी काय पळाली म्हणून सांगू! स्टिअरिंग नुसतं मनात आणायचं, ती वळलेली. माझ्याहून कमी वेळ कुणालाच लागला नव्हता. पण शेवटचा शंकू मागच्या चाकानं जरासा चाटला आणि तो मेला आडवा झाला. पहिले कल्लप्पाकाका. दुसरी मी. घरी येऊन मी जेवले नाही, आणि अप्पांनी काकांच्या विजयाचे पेढे खाल्ले.

सोमवारी सकाळी काका अडतीवर हजर. कांद्याचा ट्रक बाहेर उभा. अप्पांनी खिशातनं किल्ली काढली.

"शेठ, गाडी काय बसवलीय हो पोरीनं!" काका म्हणाले. "सिद्धेश्वरी, सांग की, केलंस काय?"

"काही नाही काका. अप्पांच्या काट्यांवर वजन केलं. चारी चाकांचं."

अप्पांचा हात किल्लीसकट हवेतच राहिला.

"हितल्या?" त्यांनी विचारलं.

"हितल्याच. गंमत म्हणजे, त्यातला एक काटा..."

"सिद्धे! सुम्मनिरू! गप बस!" घाबरले की अप्पा कन्नडवर येतात. मग काकांकडं वळून घाईघाईनं म्हणाले, "कल्लप्पा, गाडी विकायची न्हाय. पोरीची हौस हाय. बापानं मोडू नये."

"शब्द दिला होता तुमी!"

"माघारी घेतला."

गाडी वाचली होती. मी गप्प बसायला हरकत नव्हती. पण बाहेर काकांच्या गोण्या उतरत होत्या, आणि हमाल त्या सरळ त्याच मोठ्या काट्याकडं नेत होते. मला राहवेना.

"एक काटा गोणीमागं तीन किलो कमी दाखवतो, काका. हा, गादीशेजारचा."

अप्पा मटकन गादीवर बसले. मला वाटलं, आता काका गळा धरणार.

काकांनी शांतपणे पान तोंडात टाकलं. "ठाऊक हाय की. किती वर्षं झाली. म्हणून तर मी दर गोणीच्या तळाला ओला कांदा भरतो."

"ओला?" अप्पा ताडकन उठले. "माझ्या अडतीत ओला माल? नीच माणसा, तरीच पाऊण बखार नासती माझी!"

"मी नीच? आणि तुमचा काटा काय सोवळ्यातला?"

मराठी संपली, कन्नड सुरू झाली. शेजारचे अडते धावत आले, हमाल गोण्यांवर बसून ऐकायला लागले. अप्पांच्या मुठीतनं मी किल्ली काढून घेतली. त्यांनी मूठसुद्धा न बघता सैल केली आणि मोकळ्या झालेल्या हातानं काकांची कॉलर धरली.