मोतीबाईचा न धुतलेला तक्क्या

मित्रांनो, मी एक जुना तक्क्या आहे. जरा लांबूनच ऐका आणि जवळ काडी ओढू नका, कारण माझ्या अंगात अजून डिझेल आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तीस वर्षं मी उखा नानांच्या डोक्याखाली होतो, आणि नाना म्हणजे पंचक्रोशीतले पहिल्या नंबरचे थापाडे. तेव्हा माझ्या बोलण्यातलं थोडं कमी करूनच ऐका. विहिरीची गोष्ट मात्र कमी करू नका. ती खरी आहे.

माझा जन्म चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला, एका काटेसावरीवर झाला. वैशाखात बोंडं तडकली की आमचा कापूस रेशमासारखा उडतो. मी तर एकाच वाऱ्यात तापी ओलांडून परत आलो होतो. बरं, तापी नाही, नाला. खालच्या शेतांतला कापूस जिनिंगला जातो, त्याचं सूत होतं, कापड होतं. आमचं सूतच निघत नाही, बोटांतून निसटतं. म्हणून आम्हाला कोणी विचारत नाही. विचारलं ते मोतीबाईने, नानांच्या बायकोने. नाकात कापूस जात होता, शिंका येत होत्या, तरी तिने झाडाखाली बसून गोणीभर वेचला, जुन्या लुगड्याची खोळ शिवली आणि मला भरलं. शेवटचा टाका घालून ती म्हणाली, "याला कधी धुऊ नका. धुतला की ढेकूळ होतो." ती गेल्यावरही नानांनी ते वाक्य पाळलं.

माझे दिवस चांगले गेले. पाहुणे मला टेकून बसत आणि "काय मऊ आहे हो!" म्हणत. मग जळगावहून फोमच्या उशा आल्या. नानांची सून रोहिणी नाकाला पदर लावून मला काठीने उन्हात ढकलू लागली. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. तीस वर्षांचं खोबरेल माझ्या खोळीवर होतं. मी थकलो होतो. दुसऱ्याला झोपवणं हे काम सोपं नाही. स्वतःला जागं राहावं लागतं.

यंदाच्या वैशाखातली गोष्ट. लाईट गेली होती म्हणून विहिरीवर डिझेल इंजिन लावलेलं. राखणीला नाना. त्यांनी डिझेलचं कॅन विहिरीच्या काठावर ठेवलं, मला डोक्याखाली घेतलं आणि भर दुपारी घोरू लागले. झोपेत त्यांचा पाय लांब झाला. थोडं डिझेल माझ्यावर सांडलं, बाकी दहा लिटर सरळ विहिरीत गेलं.

ती विहीर साधी नव्हती, मित्रांनो. उन्हाळ्यात बारा घरांचं पिण्याचं पाणी तिच्यावर. दुसरी विहीर तीन किलोमीटरवर, तीही आटत आलेली. बायका घागरी घेऊन आल्या, तर पाण्यावर सात रंगांची साय.

"वानर उनं व्हतं," वानर आल्याची थाप नानांनी ठोकली. "इतलं मोठं! कॅनले लाथ मारी आणि पळनं."

शेजारच्या भिकुबाईने कमरेवर हात ठेवले. "नाना, आते आम्हले डिझेलना चहा पाजशात का?"

बादल्यांनी तेल काढून पाहिलं. साय फाटायची आणि पुन्हा जुळायची. तेव्हा रोहिणी म्हणाली, "आमच्या कॉलेजात सरांनी दाखवलं होतं. सावरीचा कापूस तेल पितो, पाणी पीत नाही." तिने झाडाखालून यंदाचा कापूस गोळा करून आणला. ती गोणी काठावर रिकामी करणार, तोच भिकुबाईने हात धरला. "पिवाना पानीमा हाऊ धूळना कापूस टाकशी का, पोरी? पहिले सोडामा उकाळ, मंग टाक."

आमच्याकडे विहिरीच्या काठावर चप्पलसुद्धा नेत नाहीत. त्यामुळे ते सगळ्यांना पटलं, रोहिणीलाही. बायकांनी मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा टाकून कापूस उकळला, वाळवला, पांढराशुभ्र केला आणि कांद्याच्या जाळीदार गोण्यांत भरून विहिरीत सोडला. गोण्यांनी घटाघटा पाणी प्यायलं आणि तळ गाठला. तेल जागच्या जागी.

"झालं तुझं कॉलेज?" कुणीतरी म्हटलं. रोहिणी बुडालेल्या गोण्या वर ओढू लागली. मला ओरडून सांगायचं होतं, अहो, आमच्या तंतूवर मेणाचा पातळ लेप असतो. त्याच्याच जोरावर आम्ही पाण्याला दूर ठेवतो. तोच तुम्ही सोड्यात उकळून टाकलात! पण तक्क्याला तोंड असतं का?

मग तिची नजर माझ्यावर पडली. नानांच्या काखेत मी होतो. डिझेल लागलेली माझी बाजू तिने चाचपली. डिझेल आत पार मुरलं होतं. पाण्याची बादली वर येताना माझ्यावर शिंतोडे उडाले होते, ते मात्र खोळीच्या फाटक्या कोपऱ्यातून दिसणाऱ्या कापसावर थेंब होऊन तसेच बसले होते.

"नाना, हा कधी धुतलाय?"

"कधीच नही." नानांनी मला, मोतीबाईच्या हातच्या तक्क्याला, छातीशी ओढलं. "मोतीना हातना शे हाऊ."

"मला आतला कापूस हवाय, नाना. सगळा."

नाना मला घेऊन मागे सरकले. आणि भिकुबाईने नाक पुढे केलं. "वानरनी कॅन पाडी ना? मंग तुम्हना तक्क्याले डिझेलना वास कसा?"

नानांनी मला काठावर ठेवलं.

"ते वानर मीच व्हतू, भिकू," ते म्हणाले. मग त्यांनी विळा मागितला आणि मोतीबाईचा शेवटचा टाका स्वतःच्या हाताने कापला.

मी तीन गोण्यांत वाटला गेलो. पाण्यावर पडलो आणि तरंगलो! आणि प्यायलो. अख्खी विहीर... नाही, फक्त तेल. भरलो की वर ओढायचे, पिंपात पिळायचे, पुन्हा खाली सोडायचे. पिळताना माझी हाडं मोडली असतील, पण मला हाडं नाहीत हे एक बरं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्यात नुसतं आभाळ दिसलं. तरी रोहिणीने कुणाला घागर भरू दिली नाही. आधी विहीर उपसली, नवं पाणी चढू दिलं, पाण्याची बाटली तपासायला पाठवली. आठवड्याने पाणी चांगलं असल्याचा कागद आला, तेव्हा पहिली घागर भिकुबाईने भरली आणि पहिला तांब्या नानांना दिला. "घ्या, वानर," म्हणाली.

आता मी त्याच जाळीदार गोण्यांत, इंजिनाच्या खोलीत खिळ्याला टांगलेलो आहे. नानांना फोमची उशी मिळाली आहे, पण त्यांचा डोळा लागत नाही. दुपारी ते येतात, विडी बाहेर विझवतात आणि माझ्याखाली जमिनीवर बसून पेंगतात.

मित्रांनो, डिझेल विहिरीच्या काठावर ठेवू नका. वैशाखात सावर फुटली की एक गोणी वेचून ठेवा, आणि मेहेरबानी करून ती धुऊ नका. आता हळू बोला. नानांचा डोळा लागतोय. त्यांचा लागला, की या वेळी मीही झोपणार आहे.